मामा तलावांच्या काठचे देवधान आणि गाळ काढण्याची कामे

तळेकाठ

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातील मामा तलावांच्या, उथळ काठावर पावसाळ्यात जे रानटी भात उगवते त्याला आमच्याकडे देवधान म्हणतात. ते कोणी पेरत नाही, कोणी निंदत नाही, आणि तरीही दर वर्षी त्याच जागी येते. मृगाचे पाऊस पडून काठची जमीन भिजली की त्याचे बी रुजते, तलाव भरत जातो तसे ते फूटभर पाण्यात उभे राहते, भाद्रपद-आश्विनात निसवते, म्हणजे त्याला लोंबी येते, आणि पाणी ओसरू लागण्याच्या सुमारास त्याचे दाणे पिकून चिखलात गळून पडतात. मार्च-एप्रिलमध्ये त्या जागी गेलात तर भेगाळलेल्या मातीखेरीज काही दिसणार नाही, कारण ही वर्षायू वनस्पती आहे आणि उन्हाळ्याचे सगळे महिने ती केवळ बियांच्या रूपाने जमिनीत काढते. तिचे शास्त्रीय नाव ओरायझा निवारा. आपण जे भात पिकवतो त्याची ही अगदी जवळची नातलग आहे.

गेल्या काही वर्षांत या तलावांतील गाळ काढण्याची कामे मोठ्या प्रमाणावर होत आहेत. गाळ निघालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साठवण घटल्यामुळे शेवटच्या पाण्याला धान कसे वाळते हे आपण सगळेच पाहतो. मात्र यंत्राने खोदताना तलावाचा मूळचा पसरट काठ उभा कापला जातो, आणि जिथे पूर्वी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी असे तिथे एकदम पुरुषभर खोली होते. त्या खोलीत देवधान उगवू शकत नाही. आमच्या तालुक्यातील एका तलावावर खोदलेल्या बाजूला देवधानाचा पट्टा पुन्हा आलेला नाही, आणि त्याच तलावाच्या न खोदलेल्या कोपऱ्यात ते आजही दाट उभे आहे.

ज्यांच्या भागात हे रानभात आहे त्यांनी ते कुठे आढळते, कोणत्या नावाने ओळखले जाते आणि लोक त्याचे काय करतात हे लिहावे. काठ राखून गाळ काढण्याचा अनुभव कोणाला असेल, तर तो कृपया सविस्तर सांगावा.

बांधीवाला

तळेकाठ भाऊ, विषय महत्त्वाचा आहे. पण धान पिकवणाऱ्याची बाजूही या धाग्यात यावी म्हणून लिहितो.

देवधान तलावात आहे तोवर त्याला आमची काहीच हरकत नाही; ते बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरले की आमचे नुकसान सुरू होते. रोवणीला मजूर मिळत नाहीत म्हणून अनेकांनी पुन्हा आवत्या, म्हणजे शेतात थेट बी फेकून पेरणे, धरला आहे. रोवणीत पऱ्हे, म्हणजे रोपे, ओळीने लागतात आणि ओळीबाहेर उगवलेले झाड लगेच नजरेत येते. आवत्यात सगळेच दाट आणि एकसारखे असल्यामुळे रानधान ओळखायला निसवेपर्यंत थांबावे लागते. निसवल्यावर ओळखावे, तर ते मुख्य पिकाच्या आधी पिकते आणि कापणीला विळा लागण्यापूर्वीच त्याचे दाणे जमिनीत पडलेले असतात. पुढच्या वर्षी तेच बी दुपटीने उगवते. गिरणीवर तांदळात लाल दाणे दिसले की व्यापारी भाव पाडतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. तलावाचा गाळ आम्ही बांधीत टाकतो. माझ्या शेतात सर्वाधिक रानधान त्याच बांधीत आहे, जिथे तलावाच्या काठाकडचा गाळ टाकला होता. मधल्या खोल भागातला काळा गाळ ज्या बांधीत पडला तिथे हा त्रास नाही. तेव्हा देवधान आणि आमच्या बांधीतले रानधान हे एकच आहे की वेगळे, हे कोणी जाणकाराने स्पष्ट करावे.

लोंबी

बांधीवाला यांचा प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि या गटातील गवते गोळा करते.

आपल्याकडे ‘रानभात’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिले ओरायझा निवारा, म्हणजे तळेकाठ यांचे देवधान. ते हंगामी पाण्याचे आहे: तलावाचे काठ, रस्त्याकडेचे खड्डे, नाल्यांचे सखल भाग, जिथे चार-पाच महिने ओल असते आणि नंतर जमीन पूर्ण सुकते. दुसरे ओरायझा रुफिपोगॉन. ते बहुवर्षायू असून वर्षातील बराच काळ पाणी टिकणाऱ्या खोल जागी वाढते आणि खोडाच्या पेरांपासूनही पुन्हा फुटते. काही वर्गीकरणतज्ज्ञ या दोघांना एकाच जातीची दोन रूपे मानतात, आणि ज्या तलावात दोन्ही शेजारी वाढतात तिथे मधली रूपेही सापडतात. तिसरे म्हणजे बांधीतले तण-भात. ते आपल्या लागवडीच्या भाताच्याच जातीचे असून बहुतेकदा लागवडीचे भात आणि रानभात यांच्या संकरातून निपजलेले असते. त्याची उंची आणि पानांचा रंग पिकासारखा असतो. दाणे गळणे, लाल रंग आणि कुसळ हे गुण मात्र रानभाताकडून आलेले असतात. छत्तीसगडमध्ये त्याला करगा म्हणतात.

ओळख पटवायची असेल तर निसवेपर्यंत धीर धरावा लागतो, हे बांधीवाला यांचे निरीक्षण अचूक आहे. रोपावस्थेत एवढेच सांगता येते की हे सावा नाही: सावा गवतात पान खोडाला मिळते त्या सांध्यावर काहीच नसते, तर भाताच्या सगळ्या जातींत तिथे पातळ पांढरट पापुद्रा असतो. पुढे फुलोरा आला की भिंग घेऊन बसावे. बहुतेक गवतांच्या फुलात तीन पुंकेसर असतात, भातवर्गात सहा. देवधानाचे परागकोश आखूड, अडीच मिलिमीटरपेक्षा कमी लांबीचे असतात. रुफिपोगॉनचे तीन मिलिमीटरपेक्षा मोठे आणि लोंबते असतात, कारण त्याला वाऱ्याने परपरागण हवे असते. देवधान बहुतांशी स्वपरागित आहे. एकाच पावसाळ्यात सगळे जीवन उरकायचे असल्यामुळे ते वाट पाहत बसत नाही आणि आपल्या शक्तीचा मोठा वाटा बियांमध्ये घालते. त्याची लोंबी आटोपशीर असते, पुष्कळदा वरच्या पानाच्या म्यानातून अर्धवटच बाहेर आलेली. प्रत्येक दाण्याला ४ ते १० सेंटिमीटर लांबीचे ताठ कुसळ असते.

आता बांधीवाला यांच्या प्रश्नाचे उत्तर. देवधान आणि तुमच्या बांधीतले रानधान एक नाही, पण ते परके नाहीत. दोघांची गुणसूत्रे २४ आहेत, जनुकसंच एकाच प्रकारचा आहे आणि संकरातून होणारी रोपे बहुधा सुपीक असतात. बांध ओलांडून परागकण थोडेफार जातातच. गाळाबरोबर काठचे बी थेट बांधीत आले, तर संकराची ती संधी कैक पटीने वाढते. काठचा गाळ आणि मधला गाळ यांतला जो फरक तुम्ही पाहिलात तो मला पूर्ण पटतो, कारण देवधानाचे बी खोल पाण्याखाली साठत नाही. ते काठच्या वरच्या मातीतच पडून असते.

महानदी

मी मूळची नागपूरची, लग्नानंतर रायपूरला आले. इथे या भाताला पसहर म्हणतात आणि वर्षातून एका दिवशी त्याच्याशिवाय चालत नाही. तो दिवस म्हणजे खमरछठ, अर्थात हलषष्ठी. इथल्या पंचांगाप्रमाणे ती भाद्रपद वद्य षष्ठी, आपल्या पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य षष्ठी, गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी येते. हा दिवस बलरामाचा जन्मदिवस मानतात. नांगर हे त्याचे आयुध, म्हणून त्या दिवशी नांगराने पिकवलेले काहीही खायचे नाही, नांगरलेल्या जमिनीवरून चालायचेही टाळायचे. मुलांसाठी आया उपवास करतात आणि संध्याकाळी पसहरचा भात, सहा प्रकारच्या भाज्या आणि म्हशीचे दूध-दही घेऊन तो सोडतात. गाईचे दूध त्या दिवशी वर्ज्य असते.

पसहर पिकते दिवाळीच्या आसपास आणि सण येतो श्रावणात, त्यामुळे बाजारात येणारा तांदूळ आदल्या हंगामातला असतो. खेड्यांतल्या बायका तो जपून ठेवतात आणि सणाच्या आधीच्या आठवड्यात शहरात आणतात. त्या दिवसांत त्याचा भाव चांगल्या सुगंधी तांदळापेक्षाही वर जातो. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका मावशींनी सांगितले की पसहर कापता येत नाही, झेलावे लागते: सकाळी दव असताना पाण्यात उतरायचे, डाव्या काखेत टोपली धरायची, लोंबी टोपलीवर वाकवून काठीने हलके टिपायचे. जे पिकले असेल ते पडते, हिरवे राहते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा त्याच झाडाकडे जायचे. ऊन चढले की दाणे हात लागण्याआधीच पाण्यात पडतात, म्हणून सकाळची वेळ.

लोंबी ताईंनी करग्याचा उल्लेख केला आहे म्हणून सांगते. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने श्यामला नावाची जांभळ्या पानांची भाताची जात तयार केली, ती यासाठीच. सगळे शेत जांभळे असले की हिरवा करगा लहानपणीच उघडा पडतो आणि उपटता येतो.

खलाटी

दक्षिण कोकणात आमच्याकडे देवभात हे नाव आहे. महानदी ताईंनी वर्णन केलेला नियम आमच्या ऋषिपंचमीचाही आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी होते आणि ज्यांना मिळते ते देवभाताचा भात करतात. आता बहुतेक घरांत त्याची जागा वरीच्या तांदळाने घेतली आहे, कारण देवभात गोळा करणाऱ्या बायका राहिल्या नाहीत आणि ज्या तळ्यांवर तो यायचा त्यांतली काही बुजली.

माझी आजी तो करत असे. लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको. कुसळांमुळे देवभात सुपात पाखडता येत नाही. दाणे एकमेकांत अडकून त्यांचा पुंजका होतो. म्हणून आधी तो कडक उन्हात वाळवून गोणपाटावर पायाने चोळायचा, कुसळे मोडली की मग व्हायनात, म्हणजे उखळात, कांडायचा, पुन्हा पाखडायचा आणि पुन्हा कांडायचा. जास्त सडायचा नाही, कारण दाणा बारीक असतो आणि तुकडा होतो. तांदूळ तांबूस लाल, शिजायला वेळ घेणारा, म्हणून रात्रभर भिजत ठेवायचा. शिजल्यावर तो मोकळा राहतो, चिकट होत नाही, आणि त्याला ओल्या गवताचा हलका वास असतो.

एक विचारायचे आहे. आमच्या गावच्या तळ्यात फाल्गुनापर्यंत पाणी असते. तिथला देवभात हा निवारा म्हणावा की दुसरा?

लोंबी

खलाटी, फाल्गुनापर्यंत पाणी असेल आणि जुन्या बुंध्यांना नवे फुटवे येत असतील, तर तो रुफिपोगॉन असण्याची शक्यता अधिक. पाणी आटल्यावर एक झाड मुळासकट उपटून पाहा. निवारा तोवर पूर्ण वाळलेला असतो. रुफिपोगॉनचा बुंधा हिरवा आणि पेरांशी मुळे फुटलेला सापडेल. खाणाऱ्यांनी या दोघांत कधी भेद केलेला नाही आणि व्रताला दोन्ही चालतात.

कुसळांविषयी आपण लिहिले आहे, तर एकदा हे करून पाहा. कुसळ दाण्याकडून टोकाकडे बोटांतून ओढले तर गुळगुळीत लागते. उलट दिशेने ओढले तर करवतीसारखे खरखरते. त्यावरचे सूक्ष्म काटे सगळे टोकाच्या दिशेने झुकलेले असतात. त्यामुळे चिखलात पडलेला दाणा प्रत्येक हालचालीबरोबर पुढेच सरकतो, मागे येत नाही, आणि काठ सुकेपर्यंत मातीत खोल रुतून बसतो. नारायण सूक्तात हृदयातील सूक्ष्म ज्योतीला नीवाराच्या कुसळाची उपमा दिली आहे, ती ज्यांनी हे गवत जवळून पाहिले त्यांनाच सुचू शकली असती. संस्कृत ग्रंथांत आश्रमवासीयांचे अन्न म्हणून येणाऱ्या याच नीवारावरून एस. डी. शर्मा आणि एस. व्ही. एस. शास्त्री यांनी १९६५ साली या जातीला निवारा हे नाव दिले.

दाणे गळण्याचा गुणही फार बारीक गोष्टीवर अवलंबून आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात निवारा आणि लागवडीचे भात यांचा संकर करून चौथ्या गुणसूत्रावरील एक जनुक शोधण्यात आले. त्या जनुकाच्या प्रथिनात फक्त एक अमिनो आम्ल बदलले आहे, आणि तेवढ्याने दाणा देठाला धरून राहू लागला. लाल तांदूळ पांढरा होण्यामागेही असाच एक बदल आहे: सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील १४ अक्षरे गळाली. माणसाने पिढ्यान् पिढ्या, जे दाणे लोंबीवर राहिले तेच घरी नेले आणि तेच पुन्हा पेरले; त्यातून या बदलांची निवड झाली. महानदी यांच्या मावशी टोपलीने झेलतात ते भात अजून त्या निवडीच्या अलीकडे उभे आहे. उत्तर प्रदेशात संत कबीर नगर जिल्ह्यातील लहुरादेवा येथे तळ्याकाठच्या वस्तीत भाताचे फार जुने अवशेष सापडले आहेत. गंगेच्या मैदानात लोक दीर्घकाळ निवारासारखे रानभात गोळा करत, पुढे त्याची थोडी जोपासना करू लागले, आणि चीनकडून आलेल्या लागवडीच्या भाताशी त्याचा संकर झाल्यावर आपला इंडिका तांदूळ पूर्णत्वाला गेला, असे मत डोरियन फुलर यांच्यासारख्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञांनी मांडले आहे. त्यावर वाद चालू आहेत.

तळेकाठ

महानदी ताई आणि खलाटी, तुम्ही दिलेली माहिती मोलाची आहे. लोंबी ताईंचे विशेष आभार. आता मला देवधानाची इतकी काळजी का वाटते ते सांगतो, कारण हे रानगवत राखायचे कशाला, या बांधीवाला भाऊंच्या मनातील प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

१९६०च्या दशकात बुटक्या, जास्त उत्पन्नाच्या भाताच्या जाती आशियाभर पसरल्या. त्यांच्याबरोबर तपकिरी तुडतुडेही वाढले. हे तुडतुडे रस शोषतात एवढेच नाही, तर ग्रासी स्टंट नावाचा विषाणू एका झाडाकडून दुसऱ्याकडे नेतात. या रोगात झाड खुजे राहते, त्याला गवतासारखे असंख्य बारीक फुटवे येतात आणि लोंबी एकतर येत नाही किंवा पोचट येते. १९७०च्या दशकात फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि इतर देशांत या रोगाने मोठे क्षेत्र बाधित केले. फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातील ६,००० हून अधिक नमुने या विषाणूसमोर तपासले. लागवडीच्या हजारो जातींपैकी एकीतही पुरेशी प्रतिकारशक्ती आढळली नाही. ती आढळली फक्त एका नमुन्यात, आणि तो होता उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या निवाराचा. त्या नमुन्यातीलही सगळी झाडे प्रतिकारक्षम नव्हती, मोजकीच होती.

त्याच संस्थेतील गुरुदेव सिंग खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या झाडांतील जनुक संकर आणि पुनःसंकर करून लागवडीच्या भातात आणले. १९७४ साली आयआर-२८, आयआर-२९ आणि आयआर-३० या जाती आल्या, १९७६ साली आयआर-३६ आली, आणि १९८०च्या दशकात आयआर-३६ जगात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरवर लागत होती. त्या प्रत्येक झाडात उत्तर प्रदेशातल्या एका हंगामी पाणथळीतील रानगवताचा अंश होता. ज्या दिवशी ते बी गोळा झाले त्या दिवशी त्याचा उपयोग काय, हे कोणालाही सांगता आले नसते. त्या जागी आधीच रस्ता झाला असता, किंवा तळे बुजले असते, तर पुढे काय झाले असते याचा विचार मी अनेकदा करतो.

हे एकच उदाहरण आहे असेही नाही. कडा करपा या जिवाणूजन्य रोगाविरुद्धचे एक्सए-३८ हे जनुक लुधियानाच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी निवारातूनच मिळवले. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेत स्वर्णा जातीशी निवाराचा संकर करून उत्पादन वाढवणारे गुण शोधले गेले. भावंड जातीचेही, म्हणजे रुफिपोगॉनचेही, ऋण आहे: १९७० साली चीनच्या हैनान बेटावर एका पाणथळीत सापडलेल्या, परागकण निष्फळ असणाऱ्या रानभाताच्या झाडावर चिनी शास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या संकरित भाताची उभारणी झाली.

मामा तलावांच्या काठी जे देवधान आहे ते इथल्या गादमाशीसमोर, इथल्या करप्यासमोर, इथल्या पावसाच्या खंडासमोर कोणतीही फवारणी न होता शतकानुशतके टिकलेले आहे. त्यात काय दडले आहे ते अजून फारसे कोणी तपासलेले नाही.

बांधीवाला

आयआर-३६ आमच्या घरी वडिलांनी लावलेले आहे. त्या काळी लवकर निघणारे धान म्हणून ते सगळ्यांना हवे होते. त्यात तलावाकाठच्या गवताचा अंश आहे हे आज प्रथमच कळले. घरी वडिलांना वाचून दाखवले.

तरीही दोन शंका राहतात. पहिली, संशोधनासाठी बी हवे असेल तर ते शीतगृहात ठेवता येते. त्यासाठी प्रत्येक तलावाचा काठ राखण्याची गरज काय? दुसरी, लोंबी ताई म्हणतात त्याप्रमाणे परागकण बांध ओलांडून जात असतील, तर आमच्या धानाचे परागकणही तलावाकडे जातच असणार. मग आज तलावात जे उभे आहे ते शुद्ध देवधान उरले आहे का?

लोंबी

दोन्ही शंका रास्त आहेत, आणि दुसरी तर आम्हा अभ्यासकांनाही सतावते.

दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोत, कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आणि लॉस बान्योस येथे रानभाताचे नमुने जपलेले आहेत. ते हवेतच. परंतु एका तलावातून मूठभर बी गोळा केले म्हणजे त्या तलावातील सगळी विविधता आली असे होत नाही. तळेकाठ यांनी सांगितलेली गोष्ट पुन्हा वाचा: प्रतिकारशक्ती हजारो नमुन्यांपैकी एकात होती आणि त्या नमुन्यातही काही झाडांतच होती. शिवाय शीतगृहातले बी ज्या दिवशी ठेवले त्या दिवसाचेच राहते. तुडतुडे बदलतात, विषाणू बदलतात, पाऊस बदलतो. काठावरचे देवधान दर वर्षी त्या बदलांना सामोरे जाऊन नव्याने निवडले जाते. शीतगृह आणि काठ, दोन्ही लागतात.

दुसऱ्या शंकेबाबत: होय, लागवडीच्या भाताचे गुण रानभातात शिरतात आणि हळूहळू रानभात हरवते. तैवानमधील रानभाताची मूळ वस्ती १९७०च्या दशकात नाहीशी झाली. पाणथळींवर बांधकामे झाली आणि जे उरले त्यात भोवतालच्या शेतांतील भाताचा संकर होत गेला. आपल्याकडेही बांधीला चिकटून असलेल्या डबक्यांत कुसळ आखूड झालेली, दाणा जाड झालेली, कमी गळणारी झाडे दिसतात. ती मिश्र आहेत. पण निवारा मुख्यतः स्वपरागित असल्यामुळे हा शिरकाव सावकाश होतो, आणि मोठ्या तलावाच्या वरच्या अंगाला, जिथे शेजारी गवताळ पडीक किंवा झुडपी जंगल आहे आणि बांधी दूर आहेत, तिथे अजून अस्सल देवधान सापडते. राखायचे असेल तर आधी तेच काठ राखावेत. सगळ्या तलावांचे सगळे काठ राखा असे मी म्हणणार नाही.

पाळ आणि सांडवा

मी जलसंधारणाच्या कामांत बरीच वर्षे आहे. या धाग्यात जे दोन प्रश्न वेगवेगळे मांडले गेले, त्यांचे उत्तर एकाच कामात आहे असे मला वाटते.

मामा तलावाची रचना लक्षात घ्या. खालच्या अंगाला पाळ, म्हणजे मातीचा बांध, असते आणि तिथे पाणी सर्वाधिक खोल असते. वरच्या अंगाला जमीन सावकाश चढत जाते आणि पाणी पातळ, म्हणजे उथळ, होत जाते. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी हे तलाव उतार बघूनच बांधले. सिंचनाला उपयोगी पडणारा साठा पाळीच्या बाजूला असतो आणि पोषक काळा गाळही तिथेच बसतो. वरच्या अंगाची पसरट पट्टी खरवडून साठा फारसा वाढत नाही, कारण तिथले पाणी पातळ असल्यामुळे लवकर आटते, आणि निघणारी माती रेताड, मुरमाड असते. मग तिथे खोदतात का? कारण उन्हाळ्यात ती बाजू आधी सुकते, यंत्राला आत उतरणे सोपे जाते आणि मोजमापात घनमीटर भरतात. कामाचे मोजमाप नुसते घनमीटरवर असेल तर हे होतच राहणार. म्हणून अंदाजपत्रक करतानाच खोदाईची हद्द नकाशावर आखून घ्यावी, वरच्या अंगाचा पट्टा तिच्याबाहेर ठेवावा, आणि यंत्र उतरण्याची वाट पाळीच्या बाजूने करावी.

बांधीवाला भाऊंनी जे पाहिले ते याला जोडून घ्या. वरच्या काठची माती शेतात नेली नाही तर देवधानाचे बी तलावातच राहते आणि बांधीत रानधान कमी जाते. ज्याला काठ राखायचा आहे आणि ज्याला बांधी स्वच्छ हवी आहे, त्या दोघांचीही मागणी तीच आहे. ग्रामसभेत हा मुद्दा शेतकऱ्याने मांडला तर तो अधिक ऐकला जातो, हा माझा अनुभव आहे.

बेशरम ही झुडपासारखी वाढणारी तणवनस्पतीसुद्धा मोठी अडचण आहे. काठावर ती माजली की खाली ऊन पोहोचत नाही आणि देवधानाला भरपूर ऊन लागते. ती यंत्राने ओरबाडण्याऐवजी ढीवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, मंडळींनी आणि बचत गटांच्या बायकांनी मुळासकट हाताने काढल्याची उदाहरणे गोंदिया-भंडाऱ्याकडे आहेत. तिथे बेशरम काढून तलावातली मूळची पाणवनस्पती आणि देवधान पुन्हा वाढवण्याचे काम झाले आहे, आणि मासे व पाणपक्षी यांना त्याचा आसरा मिळाला. पातळ पाण्यातील झाडांच्या बुंध्यांशी माशांची पिले वाढतात. ढीवरांना हे कोणी शिकवावे लागत नाही.

बांधीवाला

हा मुद्दा मी ग्रामसभेत मांडायला तयार आहे. आमच्या तलावाचे काम येत्या उन्हाळ्यात प्रस्तावित आहे. गाळ नेणारे बहुतेक शेतकरी माझ्या ओळखीचे आहेत. वरची माती घेऊ नका, पाळीकडचा काळा गाळ घ्या, असे सांगितले तर ते ऐकतील, कारण त्यात त्यांचाच फायदा आहे. पण एकदा वरचा पट्टा खरवडला गेलाच, तर तिथे देवधान परत आणता येते का?

लोंबी

येते, पण उतार पुन्हा पसरट केला तरच. जमीन अशी हवी की पावसाळ्याच्या भरात तिथे फूटभराहून जास्त पाणी राहणार नाही आणि उन्हाळ्यात ती पूर्ण सुकेल. बी त्याच तलावाच्या न खोदलेल्या कोपऱ्यातून घ्यावे, आणि एकाच दाट झुबक्यातून न घेता अंतराअंतरावरच्या पुष्कळ झाडांकडून थोडे थोडे घ्यावे, म्हणजे विविधता येते. महानदी यांनी सांगितलेली टोपलीची रीत यासाठी उत्तम आहे. दाणे सावलीत वाळवावेत आणि कुसळे मोडू नयेत. ताज्या बियांना सुप्तावस्था असते, त्यामुळे लगेच रुजत नाहीत म्हणून ती निरुपयोगी समजू नयेत. मेच्या अखेरीस सुक्या काठावर टाकून वर हलकी माती ओढली तर पहिल्या पावसांत ती रुजतील. पहिल्या वर्षी निसवण्याच्या काळात तेवढ्या पट्ट्यात गुरे जाणार नाहीत असे पाहावे, कारण गुरांना हे गवत फार आवडते आणि दाणे पडण्याआधी ते खाल्ले गेले तर पुढच्या वर्षीसाठी काही उरत नाही.

तळेकाठ

पाळ आणि सांडवा यांनी आखलेली रीत आम्ही आमच्या प्रस्तावात तशीच घालणार आहोत. खोदाईच्या हद्दीचा नकाशा तयार झाला की ज्यांना आपल्या गावासाठी नमुना हवा असेल त्यांच्यासाठी तो या धाग्यावर देतो.

सध्या आश्विन चालू आहे आणि आमच्या तलावाच्या वरच्या अंगाला देवधान पिकू लागले आहे. टोपल्या घेऊन उतरायला ढीवर वस्तीतल्या बायका तयार आहेत. गोळा होईल त्यातला एक वाटा पुढच्या ऋषिपंचमीसाठी त्या ठेवतील, एक वाटा खरवडलेल्या पट्ट्यावर टाकू, आणि लोंबी ताई सांगतील त्या पद्धतीने जागा, पाण्याची खोली व तारीख लिहून एक वाटा बी-संग्रहासाठी पाठवू. ताई, पाकिटावर आणखी कोणती माहिती लिहावी लागते ते कृपया दोन दिवसांत कळवावे, कारण दाणे गळायला सुरुवात झाली आहे.

लोंबी

गावाचे व तलावाचे नाव, काठाची बाजू, किती झाडांकडून बी घेतले तो अंदाज, सर्वांत जवळच्या धानाच्या बांधीपर्यंतचे अंतर आणि त्या बांधीत यंदा लावलेली जात. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक लोक लिहीत नाहीत, आणि संकराचा अभ्यास करताना त्याच सर्वांत जास्त लागतात. एक-दोन झाडे मुळासकट उपटून, लोंबीसह वर्तमानपत्रात दाबून तीही सोबत पाठवा. परागकोश मोजता येतील अशी, नुकतीच फुललेली एखादी उशिराची लोंबी असेल तर अधिक चांगले.